नाव नेमके हवे

मुलांनो, नागपूरची एक मावशी पुण्याला आपल्या बहिणीकडे राहायला आली. संध्याकाळी स्वयंपाक करता करता ती भाच्याला म्हणाली, "बाळू, कोपऱ्यावरून थोडा सांभार घेऊन ये रे!" बाळूने डबा उचलला आणि तो थेट इडली-डोशाच्या हॉटेलात गेला. थोड्या वेळाने तो गरमगरम सांबाराने भरलेला डबा घेऊन परत आला. मावशी डब्याकडे बघतच राहिली. तिला हवी होती कोथिंबीर! विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे बाळूला ठाऊक नव्हते.

घरातले सगळे पोट धरधरून हसले. त्या दिवशी भाजीवर कोथिंबीर पडली नाही, एवढेच काय ते नुकसान झाले. पण असाच गोंधळ दवाखान्यात झाला तर? एका गावचा डॉक्टर एका गोष्टीला एक नाव देतो आणि दुसऱ्या गावचा डॉक्टर त्याच गोष्टीला दुसरे नाव देतो, असे झाले तर? मग हसण्याची वेळ राहणार नाही. एखाद्याच्या प्राणावर बेतेल.

नावे नेमकी असावीत म्हणून शास्त्रज्ञांनी खूप खटपट केली. त्या खटपटीचा एक महत्त्वाचा भाग लंडन शहरातील कॅमडेन येथे घडला. आज आपण त्याचीच माहिती घेऊ.

बाबासाहेबांचे कॅमडेन

कॅमडेन हा लंडनचा एक मोठा भाग आहे. महाराष्ट्राचे त्याच्याशी जुने नाते आहे. लंडनमध्ये शिकत असताना १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे ते घर आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. आता तेथे बाबासाहेबांचे स्मारक आहे.

बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसत. ते म्युझियमही कॅमडेनमध्येच आहे. त्या ग्रंथालयात लाखो पुस्तके होती. एवढ्या पुस्तकांतून हवे ते पुस्तक कसे सापडत असेल बरे? सूचीमुळे! प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि ते कोठे ठेवले आहे, याची नोंद सूचीत असते. सूची नसती, तर लाखो पुस्तके असून नसल्यासारखीच झाली असती.

पुस्तकांची सूची करता येते, तशी आपल्या शरीरातील गोष्टींचीही करावी लागते. त्यासाठी आधी आपण शरीराच्या आत डोकावून पाहू.

शरीराचे पहारेकरी

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्या पेशीही असतात. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरीच. रोगजंतू आत शिरले, की त्या त्यांच्याशी लढतात. आपल्या हाडांच्या आत मऊ गर असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील पेशी तेथे तयार होतात.

पहारेकऱ्याला घरचे कोण आणि परके कोण, हे ओळखता आले पाहिजे. पांढऱ्या पेशी हे कसे ओळखतात? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही खास खुणा असतात. त्या प्रथिनांच्या बनलेल्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना एच.एल.ए. म्हणतात. या खुणा एक मोठे काम करतात. पेशीच्या आत जी प्रथिने असतात, त्यांचे बारीक तुकडे त्या बाहेर आणून दाखवतात. जणू तळहातावर ठेवून पहारेकऱ्यापुढे हात करतात! 'टी पेशी' नावाच्या पांढऱ्या पेशी ते तुकडे तपासतात. तुकडा नेहमीचा असला, तर त्या पुढे जातात. तुकडा विषाणूचा असला, तर ती पेशी बिघडली आहे हे त्यांना कळते. मग त्या तिचा नाश करतात.

तुमच्या एच.एल.ए. खुणा अर्ध्या आईकडून आणि अर्ध्या वडिलांकडून आलेल्या असतात. त्यामुळे सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी त्या पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. परक्या माणसाशी त्या जुळणे फारच कठीण असते. म्हणूनच एकाच्या शरीराचा भाग दुसऱ्याला बसवला, की बहुधा शरीर तो नाकारते. पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने याचा खूप अभ्यास केला. १९५१ ते १९६२ या काळात ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे प्राध्यापक होते. हे कॉलेजही कॅमडेनमध्येच आहे. १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अँथनी आणि त्याची आई

आता एका मुलाची गोष्ट ऐका. त्याचे नाव अँथनी नोलन. त्याचा जन्म १९७१ साली झाला. जन्मापासूनच त्याला रक्ताचा एक दुर्मीळ आजार होता. त्याच्या शरीराचे पहारेकरी दुबळे होते. रक्त गोठवणाऱ्या कणिकाही कमी होत्या. साधे खरचटले तरी धोका आणि साधा ताप आला तरी धोका!

यावर एकच उपाय होता. निरोगी माणसाची अस्थिमज्जा त्याला द्यायची. मग त्याच्या शरीरात निरोगी पेशी तयार होऊ लागल्या असत्या. पण त्यासाठी दोघांच्या खुणा जुळायला हव्या होत्या. अँथनीच्या घरात कोणाशीच त्या जुळल्या नाहीत.

१९७३ साली लंडनमध्ये एका आजारी मुलाला नात्याबाहेरच्या माणसाची अस्थिमज्जा देण्यात आली होती. अँथनीची आई शर्ली हिला हे कळले. ती ऑस्ट्रेलियात राहत होती. मुलाला घेऊन ती लंडनला आली. जगात कोठेतरी आपल्या मुलाशी जुळणारा माणूस असेलच, असे तिला वाटत होते. पण त्याला शोधायचे कसे? तेव्हा अशा लोकांची यादीच नव्हती.

शर्लीने ठरवले, यादी नाही ना, मग आपण करू! १९७४ साली तिने अस्थिमज्जा देण्यास तयार असलेल्या लोकांची नोंदवही सुरू केली. अशी नोंदवही जगात पहिलीच होती. लोक पुढे आले. त्यांच्या रक्ताची तपासणी झाली. प्रत्येकाच्या खुणा लिहून ठेवल्या गेल्या.

मुलांनो, अँथनीशी जुळणारा माणूस मात्र सापडला नाही. १९७९ साली, वयाच्या सातव्या वर्षी तो गेला.

शर्लीने नोंदवही बंद केली नाही. आपल्या मुलाला मिळाले नाही, ते दुसऱ्यांच्या मुलांना मिळावे म्हणून ती झटत राहिली. अँथनीच्याच नावाने ती संस्था आजही चालते. तिच्यामुळे हजारो रुग्णांना जुळणारा दाता मिळाला आहे. या संस्थेची संशोधनशाळाही आहे. कॅमडेनमधील हॅम्पस्टेड येथे रॉयल फ्री नावाचे मोठे रुग्णालय आहे. त्याच्या आवारात या संशोधनशाळेने काम केले. आपल्या नावांच्या गोष्टीशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

एक खूण, अनेक नावे

नोंदवहीत काय लिहायचे असते? माणसाचे नाव आणि त्याच्या एच.एल.ए. खुणांची नावे. माणसाचे नाव लिहिणे सोपे. खुणांची नावे लिहिणे मात्र सोपे नव्हते.

१९५८ साली फ्रान्सचे शास्त्रज्ञ जाँ दोसे यांना अशी पहिली खूण सापडली. तीन माणसांनी त्यांना या कामात मदत केली होती. त्या तिघांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन दोसे यांनी त्या खुणेला 'मॅक' असे नाव दिले. हॉलंडचे शास्त्रज्ञ व्हॅन रूड यांनी आपल्याला सापडलेल्या खुणांना '४ए' आणि '४बी' अशी नावे दिली. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 'एल.ए.' हे नाव घेतले. प्रत्येक प्रयोगशाळेची नावे वेगळी आणि तपासण्याच्या रीतीही वेगळ्या! दोन शास्त्रज्ञ एकाच खुणेविषयी बोलत आहेत, की वेगवेगळ्या खुणांविषयी, हेच कळेना. म्हणजे आपल्या बाळूचा सांभारच झाला!

१९६४ साली अमेरिकेतील डरहॅम या गावी हे शास्त्रज्ञ एकत्र जमले. त्यांनी सारखेच नमुने आपापल्या रीतीने तपासले आणि निष्कर्ष ताडून पाहिले. ते जुळेनात. पण या बैठकीचा फायदा झाला. आपण सर्वांनी एका रीतीने काम केले पाहिजे, हे सर्वांना पटले. पुढे १९६८ साली खुणांना नावे देण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. नाव समितीने ठरवायचे आणि सर्वांनी तेच वापरायचे, असा नियम झाला. दोसे यांच्या 'मॅक' खुणेला क्रमांक दोन मिळाला. आज तिला 'एच.एल.ए.-ए२' म्हणतात.

बघा, कोणीही "माझेच नाव ठेवा" म्हणून अडून बसले नाही. दोसे यांना १९८० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दिलेले 'मॅक' हे नाव मात्र मागे पडले. शोध टिकला आणि नाव बदलले!

हजेरीपट भरला!

शाळेत तुमची ओळख कशी सांगतात? इयत्ता पाचवी, तुकडी ब, हजेरी क्रमांक बारा. एवढे सांगितले, की नेमका एकच मुलगा किंवा मुलगी उभी राहते. एच.एल.ए. खुणांची नावेही अशीच असतात. 'ए*०२:०१' हे नाव पाहा. 'ए' म्हणजे ही खूण कोणत्या जनुकापासून बनते ते. जनुक म्हणजे आईवडिलांकडून मुलांकडे येणारी शरीराच्या घडणीची सूचना. '०२' म्हणजे तिचा गट. शेवटचा '०१' म्हणजे त्या गटातील तिचा क्रमांक. जणू इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांकच!

पूर्वी मधले दोन टिंब नव्हते. हे नाव 'ए*०२०१' असे सलग लिहीत. गटाला दोन अंक आणि क्रमांकाला दोन अंक. नव्या नव्या खुणा सापडत गेल्या आणि एक अडचण आली. दोन अंकांत ९९ च्या पुढे जाता येत नाही. काही गटांत तर शंभरावी खूण येऊन दाराशी उभी राहिली! आता तिला कोठे बसवायचे? ०२ या गटासाठी ९२ हा जादा गट काढण्यात आला. तात्पुरती सोय झाली. पण नवख्या माणसाला ९२ हा वेगळाच गट वाटे. शेवटी २०१० साली समितीने गट आणि क्रमांक यांच्यामध्ये दोन टिंब घातले. त्यामुळे पुढे हवे तितके अंक लिहिता येऊ लागले. 'ए*९२०१' ही खूण आपल्या घरी परतली. तिचे नाव झाले 'ए*०२:१०१'. दोन टिंबांनी केवढे मोठे काम केले, पाहा!

या सर्व नावांचा हिशेब कोण ठेवते? ज्यूलिया बॉडमर या लंडनच्या शास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षे नावांचे अहवाल तयार करण्याचे काम केले. पुढे स्टीव्हन मार्श आणि जेम्स रॉबिन्सन यांनी अँथनी नोलन संशोधनशाळेत या नावांचा संगणकीय कोश तयार केला. तो १९९८ साली सर्वांसाठी खुला झाला. तेव्हा त्यात ९६४ नावे होती. आज त्यात सुमारे चाळीस हजार नावे आहेत. दर तीन महिन्यांनी त्यात भर पडते.

समजा, उद्या मुंबईच्या किंवा टोकियोच्या एखाद्या प्रयोगशाळेत नवी खूण सापडली. तेथील शास्त्रज्ञ तिची माहिती या कोशाकडे पाठवतात. ती आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहतात. ती खरोखर नवी असेल, तरच तिला नाव मिळते. एखादे नाव चुकीचे ठरून रद्द झाले, तर ते पुन्हा दुसऱ्या खुणेला देत नाहीत. नाहीतर जुन्या कागदांवरून नवा गोंधळ झाला असता.

संगणकाला नाती शिकवायची

नावे नेमकी झाली. पण काम एवढ्यावर संपत नाही. हापूस हा आंबा आहे आणि आंबा हे फळ आहे. मग हापूस हे फळ आहे का? तुम्ही चटकन 'हो' म्हणाल. संगणकाला मात्र हे आपोआप कळत नाही. त्याच्या दृष्टीने 'हापूस', 'आंबा' आणि 'फळ' हे केवळ तीन शब्द असतात. त्यांचे एकमेकांशी असलेले नाते त्याला सांगावे लागते.

ते नातेही नेमके सांगावे लागते. 'हापूस हा आंबा आहे' हे एक प्रकारचे नाते. 'कोय हा आंब्याचा भाग आहे' हे दुसऱ्या प्रकारचे नाते. दोन्ही नाती एकच मानली तर काय होईल? संगणक म्हणेल, "कोय हे फळ आहे. खाऊन टाका!"

आपल्या मराठीत नात्यांचे शब्द किती नेमके आहेत, ते आठवा. आईचा भाऊ तो मामा. वडिलांचा भाऊ तो काका. मावशीचे यजमान ते मावसा. इंग्रजीत या सर्वांना 'अंकल' हा एकच शब्द वापरतात. 'अंकल आले' एवढ्यावरून कोण आले ते कळत नाही. 'मामा आले' म्हटले, की ते आईचे भाऊ आहेत हे लगेच कळते. शब्दातच नाते दडलेले आहे.

शास्त्रज्ञांनी शरीराविषयीच्या ज्ञानासाठी अशाच नात्यांच्या वह्या तयार केल्या आहेत. त्यांना 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. आपण त्यांना 'ज्ञानाची नातेवही' म्हणू. नातेवहीत तीन गोष्टी असतात. पहिली, प्रत्येक गोष्टीचे एकच ठरलेले नाव. दुसरी, त्या नावाचा स्पष्ट अर्थ. तिसरी, त्या गोष्टीचे इतर गोष्टींशी असलेले नाते. जुनी किंवा दुसरी नावेही तेथे 'याचेच दुसरे नाव' म्हणून नोंदवतात. त्यामुळे जुने नाव घेऊन शोधणारा माणूसही योग्य जागी पोहोचतो. बाळूच्या संगणकात अशी नातेवही असती, तर 'सांभार' शब्दापुढे 'विदर्भात : कोथिंबीर' असे दिसले असते.

१९९८ साली माशी, यीस्ट आणि उंदीर यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एकत्र आले. जनुके कोणती कामे करतात, ते सांगण्यासाठी त्यांनी एक समान नातेवही सुरू केली. तिला 'जीन ऑन्टॉलॉजी' म्हणतात. पुढे कॅमडेनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील शास्त्रज्ञांनीही तिच्यात बरीच भर घातली. ते शोधनिबंध वाचत आणि कोणते जनुक कोणते काम करते, याच्या नोंदी करत. १९९९ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांची नातेवही प्रसिद्ध झाली. मारी-पॉल लफ्राँ या शास्त्रज्ञ बाईंचा तिच्यात मोठा वाटा होता. पुढे २०१६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एच.एल.ए. आणि प्राण्यांमधील तशाच खुणांची नातेवही तयार केली. त्यांनी माणसाच्या खुणांची नावे नव्याने शोधून काढली नाहीत. कॅमडेनच्या कोशात ठरलेली नावेच त्यांनी घेतली.

आता नातेवहीचा उपयोग पाहा. तिच्यात लिहिले आहे, की टी पेशी ही एक प्रकारची लसिकापेशी आहे आणि लसिकापेशी ही एक प्रकारची पांढरी पेशी आहे. आता तुम्ही संगणकाला विचारले, "पांढऱ्या पेशींविषयी काय काय माहिती आहे?" तर तो टी पेशींची माहितीही देईल. त्या कागदावर 'पांढरी पेशी' हे शब्द नसले तरी देईल! कारण त्याला आता नाते कळले आहे.

जुन्या नोंदी कामाला आल्या

अमेरिकेतील ला होया या गावी एक मोठा माहितीसाठा आहे. जंतूंचे कोणते तुकडे आपले पहारेकरी ओळखतात आणि कोणती एच.एल.ए. खूण ते तुकडे दाखवते, याच्या नोंदी तेथे ठेवतात. त्या नातेवहीप्रमाणे लावलेल्या असतात.

२०२० च्या सुरुवातीला करोनाची साथ जगभर पसरू लागली. शाळा बंद झाल्या. हा विषाणू नवा होता. पण २००३ साली सार्स नावाची साथ येऊन गेली होती. तिचा विषाणू या विषाणूचा जवळचा नातलग होता. ला होया येथील शास्त्रज्ञांनी सार्सच्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या. त्यांवरून नव्या विषाणूचे कोणते तुकडे आपले पहारेकरी ओळखतील, याचा अंदाज त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये जगापुढे ठेवला. जुन्या नोंदी नीट लावलेल्या होत्या, म्हणून ऐन वेळी त्या हाती आल्या.

संगणकासमोर नाव नेमके नसले तर मात्र फजिती होते. माणसाच्या काही जनुकांची नावे 'सेप्ट१', 'सेप्ट२' अशी होती. संगणकाच्या तक्त्यात ही नावे लिहिली, की संगणकाला वाटे, ही सप्टेंबर महिन्याची तारीख आहे! तो जनुकाचे नाव पुसून तेथे तारीख लिहून टाकी. शास्त्रज्ञांच्या कितीतरी तक्त्यांत अशा चुका झाल्या. माणसाच्या जनुकांना नावे देणारी एक समिती आहे. काही वर्षे तिचे काम कॅमडेनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून चाले. पुढे ते केंब्रिजजवळ हलवण्यात आले. २०२० साली या समितीने त्या जनुकांचे नाव 'सेप्टिन१', 'सेप्टिन२' असे केले. आता संगणक फसत नाही.

लांबचा पण आपला

आज जगभरच्या नोंदवह्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. त्यांत चार कोटींहून अधिक दात्यांची नोंद आहे. भारतातही अशा नोंदवह्या आहेत. चेन्नई येथे २००९ साली सुरू झालेली 'दात्री' ही त्यांपैकी एक. आपल्या खुणा आपल्या पूर्वजांकडून येतात. म्हणून ज्यांचे पूर्वज एकाच प्रदेशातले, त्यांच्या खुणा जुळण्याची शक्यता अधिक असते. समजा, लंडनमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलगी आजारी पडली. तिच्याशी जुळणारा दाता कदाचित साताऱ्यात किंवा नाशकात असेल. त्याने कधी लंडन पाहिलेही नसेल.

अशा वेळी लंडनचे डॉक्टर आणि भारतातील डॉक्टर एकमेकांची भाषा बोलत नसतील. पण दोन्हीकडच्या कागदांवर 'ए*०२:०१' असेच लिहिलेले असते. त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच असतो. या एका नावाच्या आधाराने सातासमुद्रांपलीकडचे दोन जीव एकमेकांना सापडू शकतात.

पण एक अडचण अजून आहे. आपल्या देशाची लोकसंख्या मोठी असली, तरी नोंद केलेले दाते त्या मानाने फार थोडे आहेत. नाव कितीही नेमके असले, तरी ते आधी नोंदवहीत यावे लागते! दाता होणे हे मोठ्या माणसांचे काम आहे. पण घरी ही गोष्ट सांगणे तुम्हांला आजही जमेल.

शर्ली नोलन २००२ साली वारली. कोऱ्या वहीचे पहिले पान तिने उघडले. नावे नेमकी करण्याचे काम शेकडो शास्त्रज्ञांनी केले. त्यांतील पुष्कळांची नावे आपल्याला माहीतही नाहीत. ते टेबलाशी बसले, एकेक नोंद ताडून पाहिली, चूक दिसली तर दुरुस्त केली. या कामात गाजावाजा नाही. पण कोठेतरी एखादे मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागते, तेव्हा त्यात या कामाचाही वाटा असतो.

म्हणून मुलांनो, वहीत नोंद करताना नाव नेमके लिहा. तारीख लिहायला विसरू नका. आणि मावशीने सांभार मागितला, तर आधी विचारा, "मावशी, कोणता सांभार?"

शब्दार्थ

अस्थिमज्जा – हाडांच्या आतील मऊ गर
दाता – देणारा
दुर्मीळ – क्वचित आढळणारा
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
कोश – माहितीचा पद्धतशीर संग्रह
आद्याक्षर – नावातील पहिले अक्षर

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बाळूने मावशीला काय आणून दिले?
(आ) शर्ली नोलन हिने कोणत्या साली नोंदवही सुरू केली?
(इ) 'मॅक' या खुणेला आज काय म्हणतात?

२. कारणे लिहा.
(अ) २०१० साली खुणांच्या नावांत दोन टिंब घालण्यात आले.
(आ) रद्द झालेले नाव पुन्हा दुसऱ्या खुणेला देत नाहीत.
(इ) 'सेप्ट१' या जनुकाचे नाव बदलावे लागले.

३. 'हा एक प्रकार आहे' की 'हा भाग आहे' ते सांगा.
(अ) चाक – बैलगाडी (आ) मोगरा – फूल (इ) पान – झाड (ई) ज्वारी – धान्य

४. अँथनीला दाता मिळाला नाही, तरी शर्लीने काम थांबवले नाही. याविषयी तुम्हांला काय वाटते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

उपक्रम : तुमच्या वर्गातील मुलांच्या घरी एकाच वस्तूला कोणकोणती वेगवेगळी नावे आहेत, ते विचारा. अशा दहा वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तूसाठी वर्गाने मिळून एक नाव ठरवा आणि बाकीची नावे त्यापुढे लिहून ठेवा.